अकरा वर्षांच्या नोंदी आणि ‘ळ’ची जागा

अमळनेर तालुक्यातील आमच्या शाळेचे विद्यार्थी आसपासच्या १४ गावांतील प्रत्येकी एका विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला दोर सोडून मोजतात. २०१३ ते २०२३ या अकरा वर्षांच्या वह्या गेल्या उन्हाळ्यात आम्ही संगणकावर उतरवल्या. वर्षाची एक याप्रमाणे ११ फाइली झाल्या. प्रत्येकीत १६८ ओळी आणि प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने वेगळे केलेले गाव, तारीख व मीटरमधील खोली. मला प्रत्येक गावाची १३२ महिन्यांची सलग मालिका हवी होती.

फाइली आधीच गावानुसार आणि गावात तारखेनुसार लावलेल्या असल्यामुळे, लिनक्स या संगणकप्रणालीवरील ‘सॉर्ट’ ही क्रम लावणारी आज्ञा ‘एम’ पर्यायासह वापरायचे मी ठरवले. हा पर्याय नव्याने क्रम लावत बसत नाही. हजेरी क्रमांकाने रचलेले उत्तरपत्रिकांचे अनेक गठ्ठे एकत्र करताना आपण प्रत्येक गठ्ठ्याची फक्त वरची पत्रिका पाहतो आणि त्यांतली सर्वांत लहान क्रमांकाची उचलतो, तसेच तो करतो. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा होत्या, त्या वर्ष-महिना-दिवस अशा करून घेतल्या, कारण मजकूर म्हणून तुलना होताना पहिल्या रीतीत दिवसच आधी पाहिला जातो. शीर्षकाच्या ओळी काढल्या आणि निकाल नव्या फाइलीत लिहायला सांगितला. मूळ फाइलीकडेच निकाल वळवला, तर ती वाचली जाण्यापूर्वीच रिकामी होते. ही खबरदारी मी मुलांनाही आवर्जून सांगतो.

आज्ञा निमूटपणे पार पडली. ओळी मोजल्या, त्या बरोबर १,८४८ भरल्या, त्यामुळे मी निर्धास्त झालो. पण गाव बदलेल तिथे सरासरी छापणारा छोटा प्रोग्राम चालवला, तेव्हा जळोद पुन्हा पुन्हा आले: आधी जवखेड्याच्या वर आणि मग जवखेड्याच्या ओळींच्या मध्ये व नंतरही.

‘एम’ पर्याय फाइली खरोखर क्रमाने आहेत की नाहीत हे तपासत नाही, आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो, हे मला तेव्हा कळले. तपासण्यासाठी ‘सी’ हा वेगळा पर्याय आहे. क्रम जिथे पहिल्यांदा मोडतो त्या ओळीचा क्रमांक सांगून तो थांबतो. एकेक फाइल तपासली, तर चार फाइली अडल्या, आणि चारही ठिकाणी जवखेड्यानंतर जळोद आल्यावरच.

त्या ओळींकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, कारण मला त्यांत चूक दिसेना. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘व’ आधी आणि ‘ळ’ नंतर हे योग्यच होते. त्या चार वर्षांच्या वह्यांमध्ये गावांची यादी कोणीतरी नीट वर्णमालेप्रमाणे केली होती आणि मुलांनी ती तशीच उतरवली होती. उरलेल्या सात फाइलींचा क्रम मात्र मी संगणकाकडून लावून घेतला होता, आणि माझ्या संगणकाची मांडणी ‘सी’ लोकेलची (लोकेल म्हणजे कोणत्या भाषेच्या रीतीने क्रम लावायचा ते ठरवणारी मांडणी; वरच्या ‘सी’ पर्यायाशी तिचा संबंध नाही) असल्यामुळे तुलना अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांप्रमाणे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकाप्रमाणे, होत होती. युनिकोडमध्ये ‘ल’ ०९३२ वर, ‘ळ’ त्याला लागून ०९३३ वर आणि ‘व’ ०९३५ वर आहे. देवनागरीचा हा तक्ता इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेला असून तो अनेक भाषांना सामाईक आहे, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. तरीही मुलांच्या शुद्ध मराठी क्रमाला यंत्राने बिघाड म्हणावे, याचे मला वाईट वाटले.

केवळ एकत्र करण्यापुरता सर्व फाइलींना एकच क्रम हवा होता, म्हणून त्या चार फाइलींना ‘सी’ लोकेलप्रमाणे क्रम लावला, अकराही पुन्हा तपासल्या आणि मगच जोडल्या. या वेळी जळोदच्या १३२ ओळी सलग आल्या.

फलकावर लावायची यादी मात्र मला वर्णमालेप्रमाणेच हवी होती. त्यासाठी प्रत्येक गावापुढे त्याचा क्रमांक लिहिला. पहिल्यांदा तो देवनागरी अंकांत लिहून संख्येप्रमाणे क्रम मागितला, पण ‘सॉर्ट’ त्या अंकांना संख्या मानत नाही. मग इंग्रजी अंकांत लिहिला. आता फलकावर जवखेडे आधी आहे आणि त्याखाली जळोद.