रिकाम्या बाटल्या

बिअरची रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात नव्हती, डब्याच्या पायाशी नीट उभी करून ठेवली होती. शेजारी आणखी दोन. दुपारची वेळ, बाबागाडीत नातू गाढ झोपलेला, म्हणून मी त्या बाटल्यांकडे बघत उभा राहिलो. बर्लिनला आल्यापासून मी असाच कशाकशाकडे बघत उभा असतो.

यायचं माझ्या मनात नव्हतंच. पण लेकीची रजा संपली, इथल्या पाळणाघरात नंबर लागायला अवकाश, आणि आजी-आजोबांइतकी स्वस्त सोय जगात दुसरी नाही. व्हिसाचा नियम 180 दिवसांत 90 दिवस राहण्याचा. लेकीने तिकिटं अशी काढली की त्यातलं काही वाया जाऊ नये. मी गुडघ्यांचं कारण पुढे करून पाहिलं. ‘बाबा, इथे लिफ्ट आहे,’ म्हणाली. विषय संपला.

ही मात्र आल्या आल्या रुळली. अडचण आली ती फक्त दिव्याची. जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो. सात वाजता देवापुढे दिवा लावायला जावं तर समोरच्या भिंतीवर लख्ख ऊन. अंधाराची वाट पाहावी तर नातू झोपून गेलेला, मग शुभंकरोति म्हणायचं कोणाला घेऊन? दोन-चार दिवस चुळबुळ केल्यावर हिने निकाल लावला. दिवा घरच्या घड्याळाने लागणार. डोंबिवलीत सात म्हणजे इथे दुपारचे साडेतीन. ‘देव तिथूनच आणलेत, त्यांना काय अडचण?’ आता रोज भर उन्हात दिवेलागण होते आणि जावयाच्या ऑफिसच्या कॉलमध्ये मागून घंटी वाजते.

माझं तसं नाही. ब्रांडेनबुर्ग गेट पहिल्याच आठवड्यात पाहून झालं, फोटो काढला, भावाला पाठवला, त्याचा अंगठा आला. स्थळं बघून मला चैन पडत नाही. हातात पिशवी द्या, काय आणायचं ते सांगा, मग मी कुठेही दिवस काढीन. लेकीने हे ओळखलं असावं. तिने बाटल्यांचं खातं माझ्याकडे दिलं.

इथे पाण्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीवरही 25 सेंट अनामत घेतात, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा 8. फांड म्हणतात त्याला. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या भोकात आडवी सरकवायची. यंत्र ती आत ओढतं, गोल गोल फिरवून तपासतं आणि पसंत पडली नाही तर परत बाहेर ढकलतं. शेवटी हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची.

ते फिरवून तपासणं पाहिलं आणि मला गिरगावातली आमची दूधवाली बाई आठवली. आरेचं केंद्र कोपऱ्यावर होतं. उजाडायच्या आत मी आणि दादा रांगेत. त्याच्या हातात रिकाम्या बाटल्या, माझ्या मुठीत कार्ड. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. बाई बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवायची. टवका लागला की बाटली परत, वर सगळ्या रांगेसमोर ‘आईला सांग’ वगैरे. आई त्यामुळे बाटल्यांना आमच्यापेक्षा जपायची. विसळून, मोरीच्या कठड्यावर उपड्या. आम्हाला तिथे खेळायला बंदी. बाटलीवरचं पातळ ॲल्युमिनियमचं झाकण मात्र आमचं. ते नखाने सपाट करून वहीत ठेवायचं. कशासाठी, कोण जाणे. यंत्र निदान सगळ्यांदेखत बोलत नाही.

तर त्या उभ्या बाटल्या. त्या मुद्दामच ठेवतात, असं जावई म्हणाला. वेचणाऱ्याला डब्यात हात घालावा लागू नये म्हणून.

आमचं फिरणं रोज टेम्पलहोफच्या मैदानात. पूर्वीचा विमानतळ. 2008 मध्ये बंद झाला, 2010 पासून लोकांना मोकळा. विमानात बसलं की ज्याच्या पोटात गोळा येतो त्याला धावपट्टीवर बाबागाडी ढकलायला मिळते, यापरतं सुख नाही. लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, गवतावर बिअर पीत लोळतात. जून 1948 मध्ये सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा याच धावपट्ट्यांवर अमेरिकन विमानं पीठ, कोळसा, दुधाची भुकटी घेऊन उतरत होती. हॅल्वर्सन नावाचा एक वैमानिक उतरता उतरता पोरांसाठी चॉकलेटं टाकायचा, रुमालांची छोटी पॅराशूट करून.

बाटल्या वेचायला येणाऱ्यांत एक आजी आहेत. इस्त्रीचा कोट, केस नीट बसवलेले, चाकांची पिशवी, एका हातात रबरी मोजा. पहिल्यांदा मला वाटलं, बाजाराला निघाल्यात. बाटली उचलतात, उरलेले थेंब गवतावर ओततात आणि पिशवीत आवाज होणार नाही अशी ठेवतात. आठ सेंट म्हणजे आपले सात-आठ रुपये. वय ऐंशीच्या पुढे असावं. इथल्याच असतील तर ती विमानं येत होती तेव्हा चार-पाच वर्षांच्या असतील. रुमालाखालचं चॉकलेट मिळालं असेल का त्यांना?

लेकीला म्हटलं, एकदा चल माझ्याबरोबर आणि विचार. ‘बाबा, इथे असं अनोळखी माणसाला काही विचारत नाहीत.’ नसतील विचारत. माझं ‘हालो’पर्यंत झालंय, त्याही मान हलवतात. पुढचं वाक्य जावयाकडून घोकून घेतोय. त्यातलं एक अक्षर घशातून काढायचं असतं, ते माझ्या खोकल्यात मिसळतं आणि नातू हसतो. व्हिसा संपायच्या आत जमलं तर जमलं.