शोकेससाठी नव्हे

रविवार, रात्री

आज टेबलावर सनबीमचा टी-२० टोस्टर उघडा पडला होता. हे मॉडेल १९४९ साली आलं. पाव वरून नुसता सोडायचा, तो आपण होऊन खाली जातो. खटका दाबायला नको, आणि आत मोटारही नाही. पावाच्या वजनानं स्विच लागतो, एलिमेंटची तार तापते, तापली की कणभर लांबते. ते कणभर लांबणं तरफांनी इतकं वाढवलंय की पाव अलगद आत उतरतो. भाजून झालं की तार आकसते आणि पाव न उडता वर येतो. कधी थांबायचं तेही घड्याळावर नाही. पावाकडे तोंड करून बसलेली दोन धातूंची पट्टी त्याची आच घेते आणि वेळेवर वाकते. त्यामुळे पाव ताजा असो की फ्रीझरमधला, रंग साधारण तोच.

माझ्याकडचा अर्ध्यात अडकायचा. तळाला, चुऱ्याच्या झाकणाआड एक स्क्रू असतो. तो किंचित फिरवला आणि पाव सरळ खाली गेला. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी एका स्क्रूवर काम भागतं, म्हणजे बनवणाऱ्यानं दुरुस्ती धरूनच तो बनवला होता. माझा जीव अडकतो तो इथे, क्रोमच्या चकाकीत नाही. घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही. मिक्सर फिरलाच नाही तर त्याचे कार्बन, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजलेत हे कळणार कसं? जुन्या मिक्सरना बाहेरूनच दोन टोप्या असतात; त्या काढल्या की कार्बन हातात.

अर्थात सगळंच वापरायचं नसतं. जुन्या हेअर ड्रायरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तो मी लावत नाही. १९२७ सालचा जनरल इलेक्ट्रिकचा मॉनिटर टॉप फ्रिज, डोक्यावर गोल डबा घेऊन उभा असलेला, दिसायला फार गोड. पण त्यात थंडाव्यासाठी सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू खेळतो. गळती झाली तर घर सोडून पळावं लागेल. तो फोटोतच बरा.

इस्त्रीची वायर अजून बदलायची राहिली आहे. सुती वेष्टणाचीच हवी, पण आत अर्थिंगसकट तीन तारा. नाही मिळाली तर काळी रबरी लावून टाकेन.