काही मागायचं नाही, असं आईने बजावलं होतं

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जायचं म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर होतात. ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं फेस्त असतं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं, आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. आमच्या भागातून, बेळगाव-कारवारकडून पण, माणसं चालत येतात. आम्ही त्याला वारी म्हणत नाही, नुसतं "चालत जाणं" म्हणतो, पण शेजारचे काका दर आषाढीला पंढरपूरला चालत जातात, ते म्हणाले अरे वारीच ती, आणि पायाला खोबरेल कसं चोळायचं, सॉक्स कुठले घालायचे सगळं त्यांनीच सांगितलं. परत आलास की आधी आमच्याकडे ये, मला तुझ्या पाया पडायचंय असं पण म्हणाले. वयाने केवढे मोठे, मला काय बोलावं कळेना.

मी गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा गेलो. कारण आई. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, सोमवार बुधवार शुक्रवार चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर असते. डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून शीर धमनीला जोडलीय, तिथे बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. मी मनात पक्कं केलं होतं, सायबाकडे तिच्यासाठी किडनी मागायची, नवस बोलायचा, अनवाणी चालायचं. निघायच्या आदल्या रात्री तिला सांगितलं तर ती रागावलीच. म्हणाली, "कांय मागूं नाका. फकत देव बरें करूं म्हण."

ज्यांना कोंकणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्यात कोणाला थँक्यू म्हणायचं तर "देव बरें करूं" म्हणतात, म्हणजे देव तुझं बरं करो. तू माझ्यासाठी केलंस त्याची फेड माझ्याच्याने होणार नाही, ती देवच करेल, असं त्यात आहे. लहानपणापासून हजारदा म्हटलंय पण त्याचा अर्थ काय ते या तीन दिवसांत पहिल्यांदा नीट कळलं.

सोमवारी पहाटे आम्ही चौदाजण निघालो, पुढे एक पोरगा क्रूस घेऊन, मागे रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालू. बांद्यापर्यंत अंगात जोर होता. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर, हायवेला सावली नाही, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. आणि तिथून पुढे माणसं थांबवायला लागली. कोणी लिंबू सरबत, कोणी केळी, एका घरापुढे तर एक आजी पाण्याचा पिंप भरून स्टीलचे पेले मांडून बसलेली, गळ्यात मंगळसूत्र, दारात तुळस, म्हणाली दरवर्षी बसते, तुम्ही सायबाकडे जाताय ना मग पाणी पिऊन जा.

मी पेला तोंडाला लावला आणि रडायलाच आलं.

आईला दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट सगळं धरून. ती सकाळी बाटली भरून ठेवते आणि दिवसभर झाकणाने पिते, झाकणाने! मे महिन्यात ती बर्फाचा एक खडा तोंडात ठेवून डोळे मिटून बसायची आणि खडा विरघळला की म्हणायची देव बरें करूं. मला तेव्हा राग यायचा, खरं सांगतो, मला वाटायचं कशाबद्दल म्हणते ही, काय बरं केलंय देवाने हिचं. आणि इथे मी एका दमात दोन पेले प्यायलो, कोणी मोजत नव्हतं. आजीला देव बरें करूं म्हटलं आणि पुढे बराच वेळ रोझरीत आवाजच फुटेना.

त्या रात्री धारगळच्या बाजूला एका हॉलमध्ये झोपलो. तळपायाला रुपयाएवढा फोड. आमच्यातल्या एका मावशीने मोबाईलवर वचन वाचून दाखवलं, बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं, सर्वदा आनंदित असा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. शंभरदा ऐकलेलं वचन आहे. पण त्यात "सर्व स्थितीबद्दल" नाहीये, "सर्व स्थितीत" आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कानाला लागलं. आजाराबद्दल आभार मानायला आईला कोणी सांगितलेलं नाही, आजारात असताना मानायला सांगितलंय, आणि ती तेच करत होती, मलाच दिसत नव्हतं. हे पत्र लिहिणाऱ्या पौलानेच दुसऱ्या पत्रात फिलिप्पैकरांना आनंद करा म्हणून लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, म्हणजे हे काही सुखात बसून लिहिलेलं नाही.

दुसरा दिवस कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, त्याचं विशेष सांगण्यासारखं नाही, पाय दुखले एवढंच. मागण्याची सवय किती आहे ते मात्र कळलं, दर थोड्या वेळाने मनात यायचंच की देवा तिला... आणि मी तिथेच थांबून म्हणायचो देव बरें करूं. मशीन मिळालं त्याबद्दल, सुई टोचताना तिच्याशी गप्पा मारणाऱ्या नर्सबद्दल.

बुधवारी पहाटे चारला निघून मांडवीचा पूल उतरलो, रायबंदरचा जुना बांधरस्ता धरला, १६३०च्या दशकातला आहे तो, एका बाजूला नदी, काळोख, पुढे-मागे सगळी चालणारीच माणसं. उजाडता उजाडता जुनं गोवं आलं. बॉम जेझू चर्चच्या त्या लाल चिऱ्याच्या भिंती दिसल्या तेव्हा फोड दुखतोय हेच विसरलो होतो. सायबाचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी उंचावर असते, खालून मान वर करून बघायची, मागून रांग ढकलत असते. मला एवढंच आठवलं की हा माणूस १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापाने गेला, समोर चीन, आणि आत जायचं राहूनच गेलं. त्याचंही मागणं पुरं झालं नव्हतं. मी काही मागितलं नाही. खोटं कशाला बोलू, ओठावर आलं होतं.

बाहेर मंडपात मोठी मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, सुरू झाली तेव्हा आईला फोन लावला, ती मशीनवर होती, नर्सने फोन तिच्या कानाला धरला. मी काही न बोलता फोन वर करून धरला, गाणं चालू होतं, हजारो माणसं एका सुरात गात होती, हात भरून आला तरी धरून ठेवला. मग कानाला लावला तर ती पण हळू गुणगुणत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "बरें. आतां तूं उदक पी. पोटभर पी."