टॉर्क कन्व्हर्टरला अजूनही सुस्त म्हणणाऱ्यांसाठी

कोणी ऑटोमॅटिक गाडी घ्यायचं ठरवलं की त्याला एकजण तरी हमखास भेटतो जो सांगतो, घ्यायची तर डीएसजी (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घे, टॉर्क कन्व्हर्टर नको, जुना प्रकार आहे तो, पिकअपच नसतो. पुण्यात तर हे इतक्या वेळा कानावर पडतं की आज लिहायलाच बसलो. वीस वर्षांपूर्वी यात तथ्य होतं. तेव्हाच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ओव्हरटेकला पाय दाबला की इंजिन आधी नुसतं ओरडायचं, मग गिअर पडायचा, मग कुठे गाडी हलायची आणि तोवर समोरून एसटी आलेली असायची. पण तो अनुभव मनात धरून आजच्या गिअरबॉक्सला नावं ठेवणं मला अजिबात पटत नाही.

आधी आत काय चालतं ते बघू. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असतं, दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो तसं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. मधे स्टेटर नावाचा तिसरा भाग असतो, तो परत येणाऱ्या तेलाला वळवतो आणि त्यामुळे गाडी जागेवरून निघताना चाकांकडे जाणारा टॉर्क (फिरवायचा जोर) इंजिनच्या टॉर्कच्या साधारण दुप्पट होतो, हे कुठलाच क्लच करू शकत नाही. जुन्या गाड्यांचा प्रॉब्लेम असा की पळत असतानाही हे तेल घसरत राहायचं, त्यात ताकदही जायची आणि पेट्रोलही. आता आत लॉक-अप क्लच असतो आणि तो पूर्वीसारखा फक्त हायवेवर नाही तर अगदी कमी वेगातही लागतो, म्हणजे गाडी सुटली की थोड्याच वेळात इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जोडलेले, तेल बाजूला. मग सुस्तपणा येणार कुठून?

आता स्पोर्टी बाजू. ड्युअल क्लचची आयडिया जबरदस्तच आहे, त्यात वादच नाही. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो, एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो, ताकद तुटतच नाही. पोर्शेने हे ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर चालवलं, कारण गिअर बदलताना पाय उचलावा लागला नाही की टर्बोचा बूस्ट पडत नाही. रस्त्यावरच्या गाडीत ते आणलं फोक्सवॅगनने, २००३ मध्ये गोल्फ आर३२ मध्ये, आणि पोर्शेच्या ९११ ला पीडीके, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच, मिळाला तो थेट २००८ मध्ये. आपल्याकडे बऱ्याच जणांना डीएसजी हा शब्द कळला २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमुळे, १०५ पीएसची छोटीशी गाडी पण गिअर असे पडायचे की माणूस प्रेमातच पडायचा. मी पण त्यातलाच, आजही ती गाडी रस्त्यात दिसली की मान वळते.

पण मग पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. बीएमडब्ल्यूच्या एम५ ला २०११ मध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच होता. २०१७ ला नवीन एम५ आली, ६०० पीएसची, आणि त्यात कंपनीने ड्युअल क्लच काढून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसवला. बीएमडब्ल्यूच्या स्पोर्टी गाड्या बनवणाऱ्या एम वाल्यांनी! शून्य ते शंभर साधारण एका सेकंदाने कमी होऊन ३.४ सेकंदांवर आलं. त्यात चारही चाकांच्या ड्राइव्हचा आणि वाढलेल्या ताकदीचा मोठा वाटा आहे हे मान्य, पण गिअरबॉक्स अडसर ठरला असता तर हा आकडा निघालाच नसता. एम३ चंही तसंच झालं. हा गिअरबॉक्स म्हणजे झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी, २००९ पासून निघतोय, आत चार प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात असे संच) आणि गिअर बदलणारे पाच क्लच-ब्रेक, आणि कुठल्याही गिअरमध्ये त्यातले फक्त दोनच मोकळे राहतात, त्यामुळे फुकट घासण्यात ताकद जात नाही.

एक गोष्ट मला यात फार आवडते. ड्युअल क्लचचा वेग अंदाजावर चालतो, कॉम्प्युटरला वाटलं आता वरचा गिअर लागणार तर तो वरचा लावून ठेवतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही खाली मागितला तर त्याला आधीचा काढून नवीन लावावा लागतो. त्यात सातव्यावरून तिसरा पाहिजे असेल तर दोन्ही एकाच क्लचवरचे, मग मधे दुसऱ्या क्लचची मदत घेतल्याशिवाय जमत नाही. ८एचपी मात्र आठव्यावरून थेट दुसऱ्यावर उतरू शकतो. ओव्हरटेकला आपल्याला हेच तर पाहिजे असतं.

पोर्शेचंच बघा ना, ९११ मध्ये पीडीके आणि कायेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टरवाला टिपट्रॉनिक. एकच कंपनी, दोन्ही वापरते, तरी साडेतीन टनांचा ट्रेलर ओढायची गाडी म्हटली की टॉर्क कन्व्हर्टर. म्हणजे भारी कुठला हा प्रश्नच नाही, गाडीला रोज काम काय करायचंय हा प्रश्न आहे.

आणि आपलं रोजचं काम काय, तर रांगणं. इथे चाकणला तयार होणारी व्हर्टस घ्या, एकच गाडी, १.० लिटरला (११५ पीएस, १७८ एनएम) सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ ला (१५० पीएस, २५० एनएम) सात गिअरचा डीएसजी. माझ्याकडे पहिली आहे आणि मामेभावाकडे दुसरी, त्यामुळे अदलाबदल करून दोन्ही भरपूर चालवल्यात. रविवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की खंबाटकीचा घाट येतो (जुना बोगदा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांना), पुढे ओव्हरलोड ट्रक, मागे ट्रक, दहा मीटर सरका, थांबा, परत सरका. माझ्या गाडीत ब्रेकवरून पाय काढला की ती चढावरही हळूच पुढे येते, धक्का नाही, मागे घसरण नाही, कारण घसरायचं काम तेल करतंय आणि तेल घासून संपत नाही, फार तर गरम होतं आणि त्याला कूलर आहे. डीएसजीमध्ये हेच काम क्लच करतो, आणि या सात गिअरच्या डीएसजीचा क्लच ड्राय, म्हणजे गार करायला तेल नाही. पहिल्या-दुसऱ्याच्या मधे त्याची जी चुळबुळ चालते ना ती पायाखाली जाणवते.

पण तोच घाट मंगळवारी सकाळी लवकर रिकामा मिळाला की गोष्ट पूर्ण उलटी. भावाची गाडी एस म्हणजे स्पोर्ट मोडला टाकायची, वळणाच्या आधी स्टिअरिंगमागचं, गिअर खाली आणणारं डावं पॅडल दोनदा ओढायचं, इंजिन स्वतःच आरपीएम वर नेऊन दुसरा असा अलगद लावतं की डोकं पुढे जात नाही, आणि वळणातून बाहेर पडताना उजवं पॅडल, टक, टक. माझ्या गाडीत पॅडल ओढलं की क्षणभर थांबून गिअर पडतो. हा फरक खरा आहे आणि तो पाहिजे असेल तर डीएसजीच घ्यावी, मी कोणाला अडवणार नाही. भाऊ म्हणतो, "दादा, महिन्यातून दोनदाच मिळतं पण त्यासाठीच घेतली." बरोबर आहे त्याचं.

ड्राय क्लचवाली गाडी असेल तर मात्र एवढं कराच: ट्रॅफिकमध्ये पुढच्याला चिकटून इंच इंच सरकू नका, गॅप पडू द्या, मग एकदम नीट पुढे घ्या. आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आजच सोडा, ब्रेक किंवा ऑटो होल्ड (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरा. माझ्या एका मित्राच्या एसयूव्हीमध्ये (कंपनीचं नाव घेत नाही) अशाच तोलण्यामुळे क्लच गरम झाल्याची वॉर्निंग येऊन गाडी वरंधा घाटात बाजूला लावावी लागली होती, क्लचचा तो जळका वास एकदा घेतला की विसरत नाही. तेलातले म्हणजे वेट क्लचवाले हे जास्त सहन करतात, टाटाने अल्ट्रोझला २०२२ मध्ये दिलेला डीसीए हा ड्युअल क्लच तसा आहे.

सीव्हीटी आणि एएमटीबद्दल थोडक्यात. सीव्हीटी (यात ठरावीक गिअरच नसतात) शहरात लोण्यासारखा, पण पाय दाबला की आवाज आधी आणि वेग नंतर, मला त्यात मजा येत नाही. एएमटी म्हणजे आपला मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मशीन लावलेलं. २०१४ च्या सेलेरिओपासून त्याने इथल्या लाखो लोकांना डाव्या पायाच्या दुखण्यातून सोडवलं, त्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो. तो स्पोर्टी नाही, मान डोलते, पण ज्याच्या बजेटमध्ये तो बसतो त्याच्यासाठी तो वरदान आहे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल. सर्व्हिस सेंटरला विचारलं की उत्तर येतं "सर, लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही". कोणाचं लाइफटाइम? झेडएफ स्वतः आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते, सहा गिअरच्या वेट क्लच डीएसजीला ६०,००० ला बदलावं लागतं. त्यामुळे जुनी ऑटोमॅटिक घेताना सर्व्हिस हिस्ट्रीत ही नोंद शोधा, आणि टेस्ट ड्राइव्हला डीलर नेतो तसं मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन परत येऊ नका, संध्याकाळी सहानंतर हिंजवडीकडे घ्या, एखादा चढ शोधा, रिव्हर्समध्ये चढवून बघा, गार इंजिनवर पण आणि गरम झाल्यावर पण. तो सेल्समन थोडा वैतागेल, वैतागू दे.