तानपुऱ्याचा डबा आणि साउंडवाल्याची वायर

आमच्या भजनी मंडळासाठी मी तानपुऱ्याचा डबा केला, म्हणजे तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग वाजवणारा. आत डीएफप्लेअर मिनी हा गाणी वाजवणारा छोटा बोर्ड, मेमरी कार्डावर प्रत्येक पट्टीची एक फाइल, पट्टी बदलायला दोन बटणं आणि ती वाचायला आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर. हे सगळं फारशी कटकट न करता चालू झालं. वेळ खाल्ला तो डब्याच्या मागच्या दोन भोकांनी. एक साडेतीन मिलिमीटरचं, हेडफोनचं, म्हणजे मला रात्री रियाज करता यावा. दुसरं ६.३५ मिलिमीटरचं, देवळातल्या मिक्सरला जाणारं.

मिक्सरकडून सुरुवात केली, कारण तिथे काय येणार हे माझ्या हातात नव्हतं. आमच्या साउंडवाल्याला विचारलं, तू कुठली वायर आणणार? तो म्हणाला, “ताई, पिशवीत जी असेल ती. मोठी पिन आहे ना, मग झालं.”

तसं ते होत नाही. मोठ्या पिनेवर एक काळी रेघ असेल तर ती मोनो, म्हणजे एकाच सिग्नलची: टोकाला सिग्नल, बाकीचं ग्राउंड, म्हणजे सिग्नलची परतीची वाट. दोन काळ्या रेघा असतील तर मध्ये आणखी एक रिंग असते. हेडफोनसाठी टोक म्हणजे डावा कान आणि रिंग म्हणजे उजवा. मिक्सरचं बॅलन्स्ड लाइन इनपुट मात्र त्याच दोन जागांना एकाच सिग्नलची सुलटी आणि उलटी बाजू समजतं आणि एकातून दुसरं वजा करतं. तानपुरा डाव्या-उजव्याला सारखाच असला, तर वजाबाकीत शिल्लक काय राहणार? मोबाईलवरून अभंग लावताना हा प्रकार पुष्कळांनी ऐकला असेल: वाद्यं थोडीफार ऐकू येतात, गायकाचा आवाज मात्र कुठेतरी विहिरीत पडल्यासारखा. गायक मधोमध असतो, म्हणून वजा होतो तोच.

तेव्हा मिक्सरकडे मोनोच द्यायचं ठरलं. त्यासाठी डावी-उजवी वायर सरळ एकत्र पिळणारे भेटतात. तसं करू नये. दोन्ही आउटपुट एकमेकांना ओढत बसतात. दोघांना १-१ किलोओहमचा रेझिस्टर लावून पुढची टोकं जोडली. दोन्हीकडे सारखाच आवाज असला तर पातळी जवळजवळ कमी होत नाही.

आता साउंडवाल्याची पिशवी. मोनो सॉकेट लावलं असतं आणि त्याने दोन रेघांची वायर खुपसली असती, तर रिंग अधांतरी राहून गुणगुण यायची शक्यता होती. म्हणून मी सॉकेट स्टिरिओच घेतलं. टोकाला मोनो सिग्नल दिला, आणि रिंग रेझिस्टरमधून ग्राउंडला नेली. तो रेझिस्टर किती? टोकाला मागे १ किलोओहमचे दोन समांतर दिसतात, म्हणजे ५००. रिंगलाही तेच दोन समांतर लावले. मोनो पिन आली तर रिंग थेट ग्राउंडला चिकटते, बिघडत काहीच नाही. दोन रेघांची आली तर मिक्सरला दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि वायरीत शिरलेली गुणगुण वजा होते. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. दोन रुपयांचा माल!

हेडफोनच्या सॉकेटला पाच पाय होते: स्लीव्ह (ग्राउंडचा), टोक, रिंग आणि टोक-रिंगला टेकलेल्या दोन पात्या, ज्या पिन घातली की सुटतात. कुठला पाय कशाचा हे पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारण्यात अर्थ नाही, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. मल्टिमीटर बझरवर ठेवून, पिन घालून आणि काढून, पाय ओळखायचे आणि कागदावर मांडायचे. डाग देतानाही पिन आत ठेवावी. प्लॅस्टिक मऊ झालं तरी पात्या जागच्या हलत नाहीत.

डब्यातला छोटा स्पीकर हेडफोन लावताच बंद व्हायला हवा होता. डीएफप्लेअरच्या स्पीकरच्या दोन्ही पिना जिवंत असतात, त्यातली एकही ग्राउंड नाही, त्यामुळे त्या अशा सॉकेटातून नेता येत नाहीत. मी त्या मोकळ्याच सोडल्या. त्याच बोर्डाच्या डॅकच्या, म्हणजे फाइलचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या भागाच्या, डाव्या-उजव्या पिना सॉकेटवर आणल्या, आणि सुटणाऱ्या पात्यांवरून पीएएम८४०३ या छोट्या ॲम्प्लिफायरला इनपुट दिलं. पिन घातली की इनपुट तुटतं. तुटलेलं इनपुट भणभणतं, म्हणून तिथून ग्राउंडला १०-१० किलोओहम. ॲम्प्लिफायरची स्पीकरकडची बाजूही तशीच जिवंत, तिलाही ग्राउंड दाखवायचं नाही.

डॅक आणि सॉकेटच्या मध्ये कपॅसिटर हवाच, अधिक बाजू डॅककडे. घरात १० मायक्रोफॅरडचे पडले होते. पण ३२ ओहमच्या हेडफोनला त्यांनी सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवायला घेतलं असतं. काळी एक पट्टीचा खर्ज, म्हणजे तानपुऱ्याचा सगळ्यात खालचा सा, ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो नुसता नावाला उरला असता. २२० मायक्रोफॅरडचे लावले की मर्यादा २३ हर्ट्झवर जाते.

शेवटी एक अडचण राहिली, ती वायरिंगची नव्हती. काळी चारची फाइल हेडफोनवर भरून वाजायची आणि मिक्सरवर पोकळ; जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, जणू कुणी काढून घेतली. रेकॉर्डिंग रुंद वाटावं म्हणून कुणीतरी एका बाजूचा बराचसा भाग उलटा केलेला होता, आणि मोनो करताना तोच कापला जात होता. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू ठेवली, तीच दुसरीकडे उतरवली. आता कार्डावरच्या सगळ्या फाइली तशाच आहेत. मग हेडफोनलाही मोनो सॉकेट का नको, असं मंडळातल्या एका काकांनी विचारलं. मोनो सॉकेटात हेडफोन घातला तर डावा कानच वाजतो, काका.