थंड पाण्याच्या लाइनीत गरम पाणी

पाइप कशाने फुटला हे घरातल्या माणसांपेक्षा फुटलेला तुकडा जास्त खरं सांगतो. म्हणून तो कापून काढला की मी आधी पुसून उजेडात धरतो. जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाला आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, त्यामुळे तो बहुतेक आट्यांपाशीच गंजतो. तिथे बारीक भोक आणि भोवती लाल पापुद्रे दिसतात. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये टेफलॉन टेप भरमसाट गुंडाळून पान्याने आवळलं असेल, तर तोंडापासून उभी चीर जाते. वाहतं पाणी एकदम अडलं की लाइनीला हादरा बसतो, त्याने जोड निसटतो किंवा पाइपाला कोरी, सरळ चीर पडते. थंडीने गोठून फुटलेला पाइप लांबट फाटतो, कारण बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. तो नेमका बर्फाच्या जागी फुटतोच असंही नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी वाट काढतं, म्हणून भलतीकडेच भोक सापडतं.

त्या सकाळी हातात आलेला तुकडा यातल्या कशातच बसेना. साधा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप, थंड पाण्याच्या लाइनीचा. मधोमध फुग्यासारखा फुगलेला आणि मग फाटलेला. फाटलेल्या कडा कागदाइतक्या पातळ, बाहेरच्या बाजूला वळलेल्या, रंग पिवळट. नुसत्या दाबाने फुटलेला पाइप असा ताणला जात नाही. हा आधी मऊ पडला होता.

फोन पहाटे आला होता. फोनवर मी दोनच गोष्टी सांगतो: पाण्यात उभं न राहता विजेचा मेन स्विच बंद करता येत असेल तर करा, आणि पाण्याचा मेन कॉक बंद करा. कॉक फिरत नसेल तर घरातले बाकीचे सगळे नळ पूर्ण उघडा. लोकांना हे उलटंच वाटतं, आधीच इतकं पाणी वाया चाललंय म्हणतात. पण पाण्याला दुसरी वाट दिली की फुटलेल्या जागेवरचा जोर उतरतो. त्या घरात कॉक फिरत होता, पण गोल गोल फिरत होता आणि पाणी चालूच होतं. हा कॉक म्हणजे गेट व्हॉल्व्ह, तो वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही. आतलं गेट क्षारांनी चिकटतं आणि स्पिंडल, म्हणजे त्याचा दांडा, तुटून नुसता फिरतो. शेवटी गच्चीवर जाऊन लाइन बंद केली.

काकू पुसत होत्या, काका बाथरूमच्या दारात उभे. "दादा, आधी वाफ आली हो," ते म्हणाले. "थंड पाण्याच्या पाइपातून वाफ कशी येईल?" त्यांचा मुलगा म्हणाला, अंधारात भास झाला असेल. मी फरशीवरच्या पाण्याला हात लावला. कोमट होतं.

मग वर गिझरकडे पाहिलं. जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात डमी, म्हणजे भोक बंद करणारं बूच, बसवलेली होती. हे बघून मी काम थांबवलं.

सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो आणि लोकांना वाटतं तो खराब झाला. 20 अंशांचं पाणी 80 अंशांपर्यंत तापलं की ते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. 25 लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी अर्ध्या लिटरहून जास्त भरतं. ते कुठेतरी जायला हवं. या घरात ते पूर्वी गुपचूप मागे जायचं, कारण गिझरच्या तोंडाशी असलेला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, क्षार बसून उघडाच अडकला होता आणि थंड लाइन थेट गच्चीवरच्या टाकीपर्यंत मोकळी होती. मग इमारतीने दाबाचा पंप बसवला. पंपासोबत त्याचा स्वतःचा एनआरव्ही आला आणि ती वाट बंद झाली. त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागला. गळायलाच हवा होता. काकांनी तेव्हा दुसऱ्या एका प्लंबरला बोलावलं, त्याने डमी लावली, गळती थांबली.

डमी वेडीवाकडी बसवलेली असती तर मला इतका राग आला नसता. पण काम सुबक होतं. टेप योग्य दिशेने, हवी तेवढीच गुंडाळलेली, डमी सरळ, कुठे ओरखडा नाही. हात तयार होता त्या माणसाचा. आट्यांचं ज्ञान होतं आणि हे भोक कशासाठी ठेवलंय याचं नव्हतं, किंवा होतं आणि गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून तो गप्प बसला. यातलं कुठलं जास्त वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आमच्या धंद्यात गळती थांबली की पैसे मिळतात. गळती का होती हे समजावून सांगायचे कोणी देत नाही.

विजेचं काम माझं नाही, म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने गिझरचं झाकण उघडलं. थर्मोस्टॅटचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते, म्हणजे पाणी कितीही तापलं तरी वीज चालूच. त्यासाठीच पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा वेगळा कटआउट असतो, पण त्याच्या वायरी थेट जोडून वर पट्टी गुंडाळली होती. मुलगा म्हणाला, कटआउट सारखा पडायचा, पाणी तापायचंच नाही, म्हणून कोणाकडून तरी डायरेक्ट करून घेतलं.

म्हणजे रात्रभर गिझर चालू, पाणी तापतच गेलेलं, घरातला एकही नळ उघडलेला नाही. उकळीचं पाणी मागे सरकत थंड लाइनीत शिरलं. यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी असतो. 60 अंशांपाशी त्याची दाब सोसण्याची ताकद चौथाईहून कमी उरते. गरम पाण्यासाठीचा प्लास्टिक पाइप, सीपीव्हीसी, 93 अंशांपर्यंत चालतो, पण तो फक्त गरम लाइनीला होता. पाइप मऊ झाला, फुगला आणि फाटला. काकांना दिसलेली वाफ खरीच होती.

मी तुकडा घेऊन हे सगळं समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, मग आता प्लास्टिक नकोच. लोखंडी पाइप टाका. परत फुटता कामा नये."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्यात चुकीचं काय आहे? पाइप फुटला तर मजबूत पाइप मागणार, कोणीही मागेल. माझ्याकडे गाडीत जीआयचा तुकडा होता, आटे पाडायला फार वेळ लागला नसता, आणि घर कोरडं करून मी निघालो असतो. पुढच्या वेळी पाइपाने दम धरला असता. मग सगळ्यात कमजोर जागा उरली असती ती गिझरची टाकी. बंद टाकीत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं, आणि टाकी फाटली की दाब उतरताच त्यातल्या बऱ्याच पाण्याची एका क्षणात वाफ होते. अशी टाकी भिंत फोडून जाते. बाथरूमच्या पलीकडे काका-काकूंची झोपायची खोली आहे.

गिझर वायरीतून सोडवेपर्यंत मी पाइप जोडणार नाही म्हणून सांगितलं. मुलगा वैतागला. आम्ही पाइपासाठी बोलावलं, तुम्ही गिझरवर का बसलात? त्याचं ऑफिस होतं, बाथरूम बंद होतं, त्याचा राग मला कळतो. काकूंनीच विषय संपवला: "काढा तो." मग गिझर उतरवला, गरम-थंड दोन्ही लाइनी गिझरपासून पहिल्या वळणापर्यंत सीपीव्हीसीत बदलल्या, मेन कॉकच्या जागी पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवला. महिन्यातून एकदा तो उघडझाप करा, म्हणजे चिकटणार नाही, हे काकूंना दाखवलं. नवीन गिझर येईल तेव्हा त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हला नळी लावून ती मोरीत सोडायची. तो गळेल, गळू द्यायचा.

पंप सगळ्या इमारतीला आहे. म्हणून जाताना मी शेजारच्या दारांवर टकटक केली. एका घरात आत घेतलं. तिथे तशीच डमी होती, तितकीच सुबक. ती मी तिथल्या तिथे काढली. वरच्या मजल्यावर दार अर्धंच उघडलं आणि बाई म्हणाल्या, "नाही हो, आमचा गिझर अजिबात गळत नाही." मी म्हटलं, म्हणूनच एकदा बघू द्या. त्यांनी दार लावून घेतलं. काकांना सांगितलंय, त्यांच्याशी तुम्हीच बोला, तुमचं ऐकतील. फाटलेला तुकडाही दाखवायला त्यांच्याकडेच ठेवून आलोय.