नाव बदललं की कागद अडला

आजचा अख्खा दिवस गावातल्या फौजींच्या बायकांची कागदं जुळवण्यात गेला. घोळ सगळीकडं एकच, नावाचा. लग्नात सासरी नाव बदलायची आपल्याकडं भारी हौस! मग आधारवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, अन् पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरला (फौजीचं लग्न, लेकरं यांची पलटणीतली अधिकृत नोंद) तिसरंच. डिपेंडंट कार्ड (फौजीच्या घरच्यांचं ओळखपत्र), पुढं फॅमिली पेन्शन, सगळं त्या ऑर्डरवरच चालतं. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला नवऱ्याच्या सुट्टीतच काढा, दोघांनाही हजर राहावं लागतं. लेकराच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव अक्षर न् अक्षर तेच हवं. पलटणीला पाठवायच्या आधी सगळ्या कागदांची झेरॉक्स घरी ठेवा.

नवऱ्याच्या पोस्टिंगच्या क्वार्टरवर राहायला निघालेल्यांची काळजी निराळी. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरकडं जाताना नवरात्रातल्या घटासाठी वावरातली काळी माती सोबत पाहिजेच. ती वाळवून, चाळून, दुहेरी पिशवीत भरा. ओली नेली तर बुरशी धरते. अन् घट मातीचाच घ्या. तो झिरपतो, त्या ओलीवर धान्य उगवतं. स्टीलचा तांब्या मांडला की झिरपणं बंद, मग वरून पाणी जास्त पडतं अन् तिसऱ्या दिवशी गहू कुजतो.